नांद्याची नखंवाली मावशी

मी तिच्याकडे दोन वर्षं जात होते, पण तिला माझं नाव ठाऊक होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. ती मला ‘परभणी’ म्हणायची, कारण पहिल्या दिवशी तिनं गाव विचारलं आणि तेवढंच लक्षात ठेवलं. इतरांच्या वाट्याला तेही येत नसे. माझी रूममेट तिच्या लेखी ‘कागद’ होती, कारण तिची नखं कागदासारखी वाकायची. आमच्या सोसायटीत एक टीम लीड बाई राहायच्या, हाताखाली चाळीस माणसं. त्यांना ती तोंडावर ‘बशी’ म्हणे. त्यांची नखं मधे खोलगट होती. पहिल्यांदा त्या लाल रंग लावून घ्यायला आल्या तेव्हा तिनं त्यांचा अंगठा उजेडात धरला आणि म्हणाली, “ह्या बशीत पानी साठंल बाई. आदी रगात तपासून या, मग रंगाचं बगू.” बाई चिडून निघून गेल्या. पंधरवड्यानं परत आल्या त्या पर्समध्ये लोहाच्या गोळ्या घेऊनच. त्यानंतर ‘बशी’ या हाकेला त्या निमूटपणे ओ देऊ लागल्या.

आम्ही सगळ्या तिला मावशी म्हणायचो. हिंजवडीजवळच्या नांदे गावात आमच्या सोसायटीच्या खाली गाळ्यांची एक रांग आहे, त्यातला शेवटचा गाळा तिचा. एक टेबल, समोरासमोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, नखांवर चढवायचं दाट जेल वाळवायचा दिवा आणि भिंतीला एक फळी. आरसा नव्हता. एकीनं विचारलं तर म्हणाली, “नखं काय आरशात बगायची अस्त्यात व्हय?” रंगांची पुस्तिका नव्हती, नमुन्याचे फोटो नव्हते. पंचावन्नच्या आसपासची बाई, डोक्यावर पदर, कपाळावर गोंदण, आणि स्वतःची नखं अगदी मांसापर्यंत कापलेली. घरी शेळ्या होत्या. सकाळी त्यांचं सगळं करून अकराच्या सुमारास ती शटर उघडायची आणि आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची. दारात गिऱ्हाईक उभं असलं तरी त्यात घाई नाही.

हा धंदा मुळात तिचा नव्हता. सोसायटी उभी राहिली ती जागा तिच्या सासऱ्यांची. मेंढ्या बसवायचं माळरान होतं ते. बिल्डरनं बदल्यात हा गाळा दिला. लेकीनं पुण्यात जाऊन नखांचा कोर्स केला आणि दुकान थाटलं. पोरगी एकटी कशी बसणार म्हणून आई सोबतीला कोपऱ्यात बसायची, नुसती बघत. दोन वर्षांनी लेकीचं लग्न झालं आणि ती नगरकडे गेली. शटर महिनाभर बंद होतं. मग एका दुपारी मावशी झाडलोट करायला आली असताना एक मुलगी रडकुंडीला येऊन दारात उभी राहिली. जुनं जेल निघत नव्हतं आणि ती ते ओरबाडत होती. मावशीनं तिला खुर्चीत बसवलं, बाटलीतल्या औषधात कापूस भिजवला, बोटाबोटावर ठेवून वरून चंदेरी कागद गुंडाळला आणि मटकीला मोड आणायला बांधून ठेवतात तशी दहाही बोटं बांधून ठेवली. पाव तासानं जेल सालीसारखं सुटलं. त्या दिवसापासून दुकान तिचं झालं.

“भ्या नाय वाटलं?” असं मी एकदा तिच्याच बोलीत विचारलं तेव्हा ती हसली नाही. माझी बोली तिला नक्कल वाटली असावी. म्हणाली, “जलमभर मेंढरांची खुरं कापली. खूर काय आन नख काय, दोनी मेल्यालीच अस्त्यात, पर आत जित्ताला चिकटल्याली. जादा खोल ग्येलं की मेंढरू लंगडतंया. तुमी लंगडत न्हाई, येवढाच फरक.”

मी पहिल्यांदा गेले ती रूममेटनं ओढून नेलं म्हणून. मला लाज वाटत होती. मी चौथीपासून नखं खाते. आईनं कडुलिंबाचा पाला वाटून लावला, मिरची लावली, बोटांना पट्ट्या बांधल्या. बाबांनी पाहुण्यांसमोर बोल लावले. काही उपयोग झाला नाही. नोकरीला लागले, हिंजवडीत आले, तरी मीटिंगमध्ये हात टेबलाखाली. मी त्या दिवशी एवढंच म्हणाले, “मावशी, मला लांब नखं लावून द्या. खोटी चालतील. ही झाकली जातील अशी.”

तिनं माझे दोन्ही हात तिच्या हातात घेतले. हातमोजे ती वापरत नसे. लेक ओरडायची म्हणे, पण रबर मधे आलं की नख कळत नाही, असं तिचं म्हणणं. मिनिटभर ती नुसती बोटं चाचपत राहिली. मग विचारलं, “भांडी कोन घासतंया?”

“मी. म्हणजे आम्ही दोघी, आळीपाळीनं.”

“भाकरी थापतीस?”

“नाही. कणीक मळते कधी कधी.”

“दिसभर काय करतीस?”

“कॉम्प्युटरवर लिहिते. सॉफ्टवेअर कसं वापरायचं, कुठलं बटण कधी दाबायचं, काय करायचं नाही, त्या सूचना लिहायचं काम आहे माझं.”

“ते वाचतंया कोन?”

“कोणी नाही,” मी म्हणाले, आणि रूममेट हसली.

मावशीचं लक्ष माझ्या अंगठ्याकडे होतं. तिथं रक्त सुकलेलं होतं. “आता झाकायचं न्हाई,” ती म्हणाली. “ह्यावर लांब नख बशीवलं तर धरायला काय हाय खाली? चार दिसांत उपसून यील, आन संगं व्हतं ते बी न्हेईल. नुसतं जेल पालिश लावलं तर दातानं सोलून खाशील. तुला बिल्डर जेल. तेबी बारीक. नखावर पत्र्यावानी बसतंया, दात लागत न्हाई. पर आज न्हाई. जखम वाळली की आठ दिसानं ये.”

मी आठ दिवसांनी गेले. तिनं माझ्या कुरतडलेल्या नखांवर त्या दाट जेलचा एक पातळ थर चढवला, रंग नाही, काही नाही. दिव्याखाली हात ठेवायला लावला आणि स्वतः मोजत बसली. दिव्यावर आकडे दिसायचे, पण तिचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. “तीन इसा हुईस्तंवर हात हलवायचा न्हाई.” तीन वीसा, म्हणजे साठ. ती ओठांत पुटपुटत मोजायची आणि त्या वेळात कुणी बोललं तर पहिल्यापासून सुरू करायची. आम्ही सगळ्या आयटीवाल्या पोरी देवळात बसल्यासारख्या गप्प बसायचो.

तीन महिन्यांनी मला पहिल्यांदा स्वतःची नखं दिसली. कडेला पांढरी रेघ असलेली, बोटाच्या पुढे आलेली. मी व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली. आई म्हणाली, “कुणाचे हात आहेत गं?”

हे मी आधी सांगते आहे, कारण पुढचं सांगताना कुणाला असं वाटू नये की ती माझी कुणीच नव्हती.

तिच्या टेबलावर एक रुपयाचं नाणं, एक सेफ्टी पिन आणि एक छोटं कुलूप असायचं. कुणी एक्स्टेंशन, म्हणजे वाढवलेली लांब नखं मागितली की ती आधी तेवढ्याच लांबीच्या प्लास्टिकच्या टिपा नुसत्या चिकटपट्टीनं बोटांना लावायची आणि म्हणायची, “नानं उचल.” नाणं जमिनीवर टाकलेलं असे. ते उचललं की सेफ्टी पिन लाव, मग कुलूप उघड. तिन्ही जमलं तर एक्स्टेंशन, नाहीतर नाही. कितीही गयावया करा. तान्हं मूल असलेल्या बाईला तर ही परीक्षासुद्धा नाही. “लेकराच्या डोळ्याला लागंल,” एवढं बोलून ती पुढच्या गिऱ्हाइकाला बोलवायची.

एकदा आमच्याच सोसायटीतली एक मुलगी लग्नाआधी आली. लवासाकडच्या वाटेवर कुठल्याशा रिसॉर्टमध्ये लग्न होतं. तिला हवं होतं हार्ड जेल, इंचभर लांब, टोकदार, वर खडे. फोनमध्ये फोटो होता. मावशीनं फोटो बघितला नाही. मुलीच्या डोळ्यांत बघितलं. तिची ओळख झाल्यापासून ती कुणाच्या तोंडाकडे बघते आहे असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“डोळ्यात ते काचंचं घालतीस व्हय?”

“लेन्स? हो. का?”

“मग सांजच्याला काडनार कशी? ह्या भाल्यानं?”

मुलगी म्हणाली, नवरा काढून देईल. बाकीच्या हसल्या. मावशीनं टिपा लावल्या, नाणं टाकलं. मुलीनं दहा-बारा वेळा प्रयत्न केला. नाणं फरशीवर सरकत सरकत खुर्चीखाली गेलं. ती उठली, टिपा ओढून टेबलावर टाकल्या आणि म्हणाली, “मला नाणी उचलायची नाहीयेत, लग्न करायचंय.” तिनं बाणेरला जाऊन हवी तशी नखं करून घेतली. फोटो सुंदर आले होते, आम्ही सगळ्यांनी पाहिले.

दीड महिन्यानं ती परत आली, एकटी, दुपट्ट्यात हात गुंडाळून. हार्ड जेल औषधात विरघळत नाही, घासूनच काढावं लागतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं किंवा तिनं ऐकलं नव्हतं. तिनं ते कशानं तरी उचकटून काढलं होतं. खालची नखं पापुद्र्यांची झाली होती, दोन बोटांना पाण्याचा स्पर्शही सोसत नव्हता. मला वाटलं, आता मावशी बोलणार. तिनं मुलीचे हात मांडीवर घेतले, नखं बारीक कापली, खोबरेल तेल कोमट करून एकेका बोटाला लावत बसली. पुढचे तीन महिने दर मंगळवारी ती मुलगी यायची आणि मावशी नुसतं तेल लावायची. रंग नाही, जेल नाही. “नखांची सुट्टी” म्हणायची ती त्याला. आम्हा सगळ्यांनाच वर्षातून दोनदा अशी सुट्टी सक्तीची होती. दुसरीकडे कुठल्या दुकानानं गिऱ्हाईक असं परत पाठवलं असतं?

आता दिव्याबद्दल.

मावशीकडे लेकीनं ठेवलेला दिवा होता आणि लेकीनंच ठरवून दिलेल्या बाटल्या. त्या रविवार पेठेतल्या एकाच दुकानातून यायच्या. माल संपला की मावशी स्वतः बसनं जाऊन आणायची. रंग मोजून सात. शनिवार-रविवारी दुकानाबाहेर पोरी उभ्या असायच्या आणि आत तीन वीसा, तीन वीसा मोजणं चालायचं. एकदा मी दीड तास थांबले आणि माझा सिनेमा चुकला. त्या दिवाळीत मी ठरवलं की मावशीला नवीन दिवा द्यायचा. मनात तिचं भलं होतं, हे खोटं नाही. माझी सोयही होती, हेही खोटं नाही.

मी फोनवर बसल्या बसल्या दिवा मागवला, दिसायला पांढराशुभ्र, दहा सेकंदांत वाळवणारा. दुसऱ्या एका विक्रेत्याकडून जेलच्या चोवीस बाटल्यांचा संच मागवला, कारण त्यात डाळिंबी रंगाच्या चार छटा होत्या. वसुबारसेच्या दिवशी खोकी घेऊन मी दुकानात गेले.

तिनं दिवा उलटासुलटा करून पाहिला. “दोनी येकाच घरचं हायेत का?”

“म्हणजे?”

“म्हंजी बाटली ज्या घरची, दिवा बी त्याच घरचा पायजे. लेक सांगून गेलीया. न्हाईतर वरनं वाळतंया आन आतनं कच्चं ऱ्हातंया. भाकरीवानी.”

“तसं काही नसतं मावशी आता. सगळे दिवे सगळ्यांना चालतात.”

हे मी कुठं ऐकलं होतं? कुठंच नाही. ते वाक्य माझ्या तोंडून आलं तेव्हा मला ते खरंच वाटलं, इतकंच.

तिनं एक बाटली माझ्यापुढे धरली. तिला मराठी वाचता यायचं, अक्षर अक्षर लावून. इंग्रजी नाही. “ह्याच्यावर काय लिवलंय, वाच.”

बाटली अंगठ्याएवढी, अक्षरं मुंगीएवढी. मला दहा मिनिटांत ऑफिसचा कॉल होता. मी बाटली डोळ्यांसमोर फिरवली आणि म्हणाले, “काही नाही, नेहमीचंच. लहान मुलांपासून लांब ठेवा वगैरे.”

“येवढं सगळं लेकरांचंच लिवलंय?”

“हो.” मी हसले.

तिनं मान डोलावली, जुना दिवा पुसला आणि फळीवर ठेवला. गिऱ्हाइकांपैकी कुणी तिच्यासाठी काही आणलं होतं ते बहुधा पहिल्यांदाच. त्या दिवशी तिनं मला चहा पाजला, आणि पुढच्या आठवड्यात ज्या ज्या पोरी आल्या त्यांना सांगितलं, “परभणीनं दिलाय दिवा.”

नवं जेल पातळ होतं, कडेनं कातडीवर वाहायचं. जुनं तसं नव्हतं. ते ठेवलं तिथं राहायचं. नवं ओघळलं की मावशी पटकन बोटानं पुसायची, शेळीच्या कासेवरचा थेंब पुसावा तसं. दिवसाला दहा-बारा हात. मोजणं मात्र तिनं सोडलं नाही; दहा सेकंद झाले की दिवा आपोआप विझायचा, ती पुन्हा लावायची आणि आपल्या तीन वीसा पुऱ्या करायची. मी म्हणाले, “मावशी, झालं की.” ती म्हणाली, “तुझा दिवा खोटं बोलत आसंल तर?” आम्ही दोघीही हसलो.

फेब्रुवारीत तिनं मला बोटं दाखवली. शेंडे लाल झाले होते, बारीक चिरा पडल्या होत्या. “आग व्हतीया गं. खाजतंया बी.”

“थंडीनं झालं असेल,” मी म्हणाले. “माझीही फुटतात. क्रीम देते मी माझं.”

ते क्रीमही मी द्यायला विसरले.

मे महिन्यात माझं लग्न ठरलं होतं. लग्नाच्या चार दिवस आधी मी तिच्याकडे शेवटची बसले. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या होत्या आणि एक पापणी सुजलेली होती. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, “काय न्हाई, फुटल्यात.” आणि तिनं चिंधी थोडी सोडून मला दाखवायला बोट पुढं केलं. नेमका तेव्हा मेंदीवालीचा मेसेज आला आणि मी फोनमध्ये बघत “हं, हं” म्हणाले. तिनं चिंधी परत गुंडाळली. माझ्या नखांवर बिल्डर जेलचा बारीक थर दिला आणि त्यावर डाळिंबाच्या दाण्याचा रंग. मी लांब नखं मागितली नव्हती. ती म्हणाली, “शानी झालीस.” निघताना मी तिला लग्नाचं आमंत्रण दिलं. परभणी लांब, शेळ्या कोण बघणार, म्हणून ती आली नाही.

लग्नानंतर मी कोथरूडला राहायला गेले, नोकरी बदलली. नांदे काही सातासमुद्रापार नाही. रविवारी स्कूटीवर तासाभराचा रस्ता. पण पहिले काही महिने नवलाईत गेले आणि मग न जाण्याचीच सवय झाली. नखांची सुट्टी चालू आहे, असं मी स्वतःला सांगायचे.

दोन वर्षांनी ‘कागद’चा, माझ्या जुन्या रूममेटचा, फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्यावर ती म्हणाली, “मावशीचं दुकान बंद होऊन वर्ष झालं, तुला कळलंच असेल.” मला कळलं नव्हतं. हातांची सालटी निघू लागली, डोळे सुजून मिटायला लागले, तेव्हा लेकीनं येऊन तिला पुण्यात कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी तपासलं. जेलची अ‍ॅलर्जी. कच्चं राहिलेलं जेल रोज कातडीला लागत राहिलं की होते म्हणे, आणि एकदा झाली की जन्माची. पुन्हा कुठल्याच जेलला हात लावायचा नाही. “आता तिथं मोमोवाला आहे,” रूममेट म्हणाली.

मी फोन ठेवला आणि जुनी ऑर्डर शोधून काढली. बाटलीचा फोटो होता. बोटांनी मोठा केला. चारच वाक्यं होती. कातडीला लागू देऊ नये. लागल्यास ताबडतोब धुवावे. याच कंपनीच्या दिव्याखाली वाळवावे. खाज किंवा लाली आल्यास वापर थांबवावा. असली वाक्यं लिहून मी पोट भरते. लहान मुलांचा उल्लेख त्यात कुठंही नव्हता.

यानंतर लगेच मी तिच्याकडे धावले असते तर हे सांगताना मला बरं वाटलं असतं. मी पाच महिने गेले नाही. आधी ऑफिसात काम होतं, मग पाऊस होता, मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. नवऱ्याला मी सगळं सांगितलं, तो म्हणाला, “तू मुद्दाम थोडंच केलंस?” त्या वाक्यावर मी आणखी महिनाभर काढला.

शेवटी एका रविवारी सकाळी गेले. मोमोवाल्याच्या शेजारच्या किराणा दुकानदारानं सांगितलं की ती आता कासारसाईला भावाकडे असते. कासारसाईला धरणाच्या बाजूला सहलीला आलेल्यांच्या गाड्या लागल्या होत्या, तळलेल्या माशांचा वास येत होता. त्याच्या पलीकडच्या उतारावर ती शेळ्या घेऊन बसली होती. मला लांबूनच ओळखलं.

“परभणी का? ये. बस.”

मी गवतावर बसले. तिचे हात मांडीवर होते. कातडी भरून आली होती, गुलाबी, पातळ, पोळून बरी झाल्यासारखी. दोन नखं वाकडी उगवली होती.

“आता बरं हाय,” माझी नजर बघून ती म्हणाली. “फकस्त त्या जेलाच्या जवळ जायचं न्हाई. दाताच्या डागदरला बी आदी सांगावं लागतंया, त्येंच्या सिमिटात तसलंच काय तरी आसतंया म्हनं.”

मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. पाठ करून आलेलं सगळं विसरले. “मावशी, ती बाटली मी दिली होती.”

“व्हय.”

“तिच्यावर सगळं लिहिलं होतं. तुम्ही मला वाच म्हणालात. मी वाचलंच नाही. तुम्हाला खोटं सांगितलं.”

“म्हाईत हाय,” ती म्हणाली. “लेकीनं वाचून दावलं मला. दवाखान्यातनं आल्याव.”

म्हणजे जवळजवळ दीड वर्ष तिला ठाऊक होतं. “मग मला फोन का नाही केलात? नंबर होता ना तुमच्याकडे.”

“कशाला? भांडाया?” तिनं एका शेळीला हाकारलं, ती कुणाच्या तरी चादरीकडे निघाली होती. “हे बग, बाटली मी वापरली. बोटानं मी पुसलं. लेक हातमोजं घाल म्हनत हुती, त्ये मी घातलं न्हाईत. त्याचं मी तुला काय बी म्हननार न्हाई.”

मी काही बोलणार तेवढ्यात ती पुढं म्हणाली, “पर बोटं फुटली तवा म्या तुला दावली हुती. तू लिवनारी, वाचनारी, तुला कळंल म्हून दावली. तू फोनात बगत हुतीस. म्हनलं, लगीन हाय पोरीचं. हुईल मोकळी, मग यील. दिवाळीला यील. संक्रातीला यील. दुकान बंद क्येलं त्या दिशी बी लेक म्हनली, चल आता आई. म्या म्हनलं, थांब जरा, परभणी यायची आसंल.”

तिच्या आवाजात राग नव्हता.

मी रडले. तिनं मला रडू दिलं. मधे उठून शेळ्या वळवून आणल्या, परत येऊन बसली. मग घरी नेलं, भावजयीनं चहा केला, पोहे केले. लेकीला मुलगी झाल्याचं तिनं सांगितलं, फोटो दाखवला. माझी सासू कशी आहे विचारलं. जाताना मी स्कूटीला किल्ली लावत म्हणाले, “मावशी, पुढच्या रविवारी येते.”

ती फाटकाला टेकून उभी होती. “नगं,” ती म्हणाली. “चुकीपायी यायचं आसंल तर नगं यिऊस.”

त्या गोष्टीला आता आठ महिने झाले. मी पुन्हा गेलेले नाही. परवा रूममेटनं विचारलं, तेव्हा मी तिला सांगितलं की मावशीनंच येऊ नको म्हटलं. ते ऐकून ती हळहळली, मला धीर दिला. चुकीपायी यायचं असेल तर, एवढे शब्द मी तिला सांगितले नाहीत.